दुधाच्या दाढेला कीड लागलीय, फिलिंग करायचं की पडेपर्यंत थांबायचं?

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. मुलगी साडेचार वर्षांची, खाली उजवीकडच्या दोन्ही दाढांना कीड, एका डॉक्टरांनी सांगितलं की पुढच्या दाढेत सिमेंट भरू आणि मागच्या दाढेच्या नसेवर उपचार करून वर स्टीलची कॅप बसवू, दुसऱ्यांनी सांगितलं सध्या थांबलं तरी चालेल, घरातले म्हणतात दुधाचेच दात आहेत पडणारच की, आणि पोरगी तर खुर्चीत बसायलाच तयार नाही. मी लहान मुलांचेच दात बघते, बरीच वर्षं झाली, आणि हे चारही धागे एकत्र आले की आईबाप पार गोंधळून जातात हे मला माहितीय. म्हणून जरा सविस्तर लिहिते, घाई नसताना वाचा.

आधी ते "पडणारच आहेत" बद्दल. पडणार आहेत हे खरंच आहे, पण कधी पडणार ते बघा ना. समोरचे पटाशीचे दात ६-७ वर्षांचं झालं की पडायला लागतात आणि सगळ्यांच्या डोळ्यासमोर तेच असतात, दाढा मात्र तेव्हा पडत नाहीत. दुधाची पहिली दाढ साधारण ९ ते ११ वर्षांच्या दरम्यान पडते आणि दुसरी, म्हणजे मागची, १० ते १२ वर्षांपर्यंत तोंडात असते. म्हणजे तुमच्या मुलीच्या ज्या मागच्या दाढेबद्दल आपण बोलतोय तिला अजून सहा-सात वर्षं चावायचं काम करायचंय. त्यात ती दाढ खालच्या पक्क्या दातासाठी जागा धरून ठेवत असते, ती लवकर काढावी लागली तर मागची सहा वर्षांना येणारी पक्की दाढ पुढे सरकते, जागा कमी होते आणि मग खालून येणारा दात वाकडा येतो किंवा अडकून बसतो. शिवाय दुधाच्या दाढेच्या मुळांच्या बरोबर मध्ये पक्क्या दाताचा कोंब तयार होत असतो, तिथे खूप दिवस पस राहिला तर त्या पक्क्या दातावर पांढरे-पिवळे डाग किंवा खड्डे येऊ शकतात. त्यामुळे पाच वर्षांच्या आतल्या मुलाच्या दाढेची कीड बघून कोणी नुसतं "पडेल" म्हणत असेल तर ते मला पटत नाही. हां, तीच कीड दहा वर्षांच्या मुलाच्या हलायला लागलेल्या दाढेत असती तर मीच म्हटलं असतं राहू द्या, काही करू नका. दात किती वर्षं राहणार आणि कीड किती खोल गेलीय, या दोन गोष्टींवर सगळा निर्णय असतो, दुधाचा आहे की पक्का एवढ्यावर नाही.

आता खोली. दुधाच्या दाताचं वरचं कवच, म्हणजे इनॅमल, पक्क्या दाताच्या साधारण निम्मंच जाड असतं, जेमतेम एक मिलीमीटर, आणि आतली नस त्या मानाने मोठी आणि वर आलेली असते. म्हणून मोठ्या माणसाच्या दाढेत जी कीड वर्षानुवर्षं रेंगाळते ती लहान मुलांत काही महिन्यांत नसेपर्यंत पोचते. आणि दुसरी अडचण अशी की दुधाच्या दोन दाढा एकमेकींना चांगल्या रुंद चिकटलेल्या असतात, तिथे मध्ये ब्रश जातच नाही, आणि कीड तिथेच सुरू होते, वरून दाढ एकदम छान दिसते, फार तर कडेला थोडी राखाडी झाक दिसते. वरचा कोपरा तुटून खड्डा दिसायला लागतो तोपर्यंत आत बरंच झालेलं असतं. तुमच्या मुलीच्या दोन्ही दाढा शेजारी शेजारी किडल्यात यावरून मला हेच वाटतंय की कीड मधल्या फटीतून सुरू झाली असणार.

म्हणून पहिला प्रश्न तुम्ही दोन्ही डॉक्टरांना हा विचारा की एक्स-रे काढला का? कारण या दाढांच्या मधली कीड आणि तिचं नसेपासूनचं अंतर नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी छोटी फिल्म किंवा सेन्सर दातांत चावून धरायचा असतो, बाइटविंग म्हणतात त्याला, एक-दोन मिनिटांचं काम आहे, आणि रेडिएशन फारच कमी असतं, त्याची भीती बाळगू नका. दोन डॉक्टरांचे सल्ले वेगळे येण्याचं कारण कित्येकदा एवढंच असतं की एकाने एक्स-रे बघून सांगितलेलं असतं आणि दुसऱ्याने वरवर बघून. एक्स-रेची कॉपी मागून घ्या, ती तुमचीच आहे, दुसरीकडे दाखवता येते.

आणि घरी तुम्ही काय बघायचं ते सांगते, कारण नस कुठल्या अवस्थेत आहे हे निम्मं तर आईच्या सांगण्यावरूनच कळतं. गार किंवा गोड खाल्लं की दुखतं आणि ते तोंडातून गेलं की लगेच थांबतं, असं असेल तर नस चिडलेली आहे पण जिवंत आहे, वाचवता येते. पण कुठलंही कारण नसताना दुखायला लागलं, ठणका लागला, रात्री झोपेतून रडत उठली, औषध दिल्याशिवाय थांबलंच नाही, तर मग आत नसेला कायमची इजा झालीय असं आम्ही धरतो. एक मध्येच फसवणारा प्रकार असतो, दोन दाढांच्या फटीत घास अडकतो आणि हिरडी दाबली जाऊन पोर कळवळतं, फ्लॉसने तो घास काढला की दोन मिनिटांत खेळायला पळतं. ते नसेचं दुखणं नव्हे, त्यामुळे दुखतंय म्हटलं की आधी तिथे अडकलंय का बघा आणि डॉक्टरांना हे नक्की सांगा, नाहीतर उगाच मोठा उपचार ठरतो. आणि याच्या अगदी उलट, दुखणं आपोआप थांबलं म्हणून निर्धास्त होऊ नका. दाढेजवळच्या हिरडीवर पुटकुळीसारखा छोटा फोड येतो, तो फुटतो, पस वाहून जातो, दाब कमी होतो आणि दुखायचं थांबतं. घरच्यांना वाटतं बरं झालं. खरं म्हणजे तेव्हा नस मेलेली असते आणि इन्फेक्शन हाडात उतरलेलं असतं. ओठ-गाल बाजूला करून आठवड्यातून एकदा ती हिरडी उजेडात बघत जा.

काळं दिसतंय म्हणजे कीडच असंही नसतं हे पण लिहून ठेवते. लोहाचे ड्रॉप्स चालू असतील तर दातांवर काळपट थर येतो, काही मुलांना हिरडीच्या कडेने काळी रेघ येते ती एका प्रकारच्या निरुपद्रवी जंतूंमुळे, ती घासून पॉलिश करून जाते. तिथे दात कडकच असतो. कीड असेल तर तिथला भाग मऊ, खडूसारखा नाहीतर तुटलेला असतो.

बरं, आता उपचार. थोडक्यात चार पायऱ्या समजा, आणि कुठली पायरी ते तुमच्या मुलीच्या एक्स-रेवर ठरेल.

कीड फक्त वरच्या कवचात असेल, नुसता पांढरा खडूसारखा डाग असेल, खड्डा पडला नसेल, तर ड्रिल लावायचंच नाही. तो डाग परत कडक होऊ शकतो. त्यासाठी फ्लोराइड वार्निश लावतात, ५ टक्के सोडियम फ्लोराइडचं, दातावर ब्रशने फासायचं, दर तीन ते सहा महिन्यांनी. बरोबर घरचं ब्रशिंग आणि खाण्याच्या वेळा सुधारायच्या. यात दुखत काहीच नाही.

खड्डा पडलाय पण नस लांब आहे, तर फिलिंग. कोणतं मटेरियल हा प्रश्न सगळे विचारतात, तुम्हीही विचारलाय. ग्लास आयोनोमर म्हणजे ज्याला सगळे सिमेंट म्हणतात ते, १९७० च्या दशकात आलं, ते दाताला स्वतःच चिकटतं, थोडी लाळ लागली तरी चालतं आणि हळूहळू फ्लोराइड सोडत राहतं. जिभेची वळवळ थांबत नाही अशा लहान मुलांना ते बरं पडतं, पण झिजतं लवकर. कंपोझिट म्हणजे दाताच्या रंगाचं, निळ्या लाइटने कडक करतात ते, मजबूत आणि दिसायला सुंदर, पण दात पूर्ण कोरडा हवा, त्यामुळे रबर डॅम, म्हणजे लाळ लांब ठेवायला दाताभोवती ताणून लावायचा रबरी पडदा, लावून शांत बसणाऱ्या मुलात ते टिकतं, रडणाऱ्या मुलात घाईघाईने लावलेलं कंपोझिट सहा महिन्यांत निघतं. चांदीचं, म्हणजे अमाल्गम, आता लहान मुलांत नकोच. त्यात जवळजवळ निम्मा पारा असतो, आणि पर्यावरणात जाणारा पारा कमी करायचा म्हणून मिनामाता या आंतरराष्ट्रीय करारात २०२२ साली ठरलं की १५ वर्षांखालच्या मुलांत ते वापरू नये, युरोपियन युनियनने तर २०१८ पासूनच मुलांत बंद केलंय. पण कुणाच्या तोंडात आधीच भरलेलं आणि चांगलं टिकलेलं असेल तर घाबरून काढत बसू नका, काढतानाच जास्त पारा बाहेर येतो.

पण खरं सांगू का, दोन दाढांच्या मधली कीड असेल तर मी फिलिंगपेक्षा कॅपच्या बाजूची आहे. कारण तिथे फिलिंग करायचं म्हणजे दाढेची एक अख्खी भिंत बांधून काढायची, ती लहान दाढेत टिकत नाही, कडेने गळते, तुटते, आणि मग वर्षा-दीड वर्षात परत तेच पोर परत त्याच खुर्चीत. स्टीलची तयार कॅप दाढेला चहूबाजूंनी झाकते, फिलिंगपेक्षा जास्त टिकते आणि दुधाच्या दाताबरोबरच पडून जाते. लोकांना ती चमकते म्हणून आवडत नाही, मला कळतं ते, पण खालच्या मागच्या दाढेवर ती हसताना फारशी दिसतही नाही. पांढरी झिर्कोनियाची कॅपही मिळते, फक्त तिच्यासाठी दात ड्रिलने बराच जास्त झिजवावा लागतो.

आणि इथे एक गोष्ट बऱ्याच पालकांना कुणी सांगितलेलीच नसते. नस जिवंत असेल, ठणका नसेल, फोड नसेल, एक्स-रेत कीड आणि नस यांच्यामध्ये चांगल्या दाताचा पट्टा दिसत असेल, तर इंजेक्शन न देता, ड्रिल न लावता, कीड न खरवडता थेट स्टीलची कॅप सिमेंटने बसवता येते. हॉल टेक्निक म्हणतात, स्कॉटलंडच्या नॉर्ना हॉल या डेंटिस्टच्या नावाने. पहिल्या भेटीत दोन दाढांच्या फटीत छोटे रबरी रिंग घालतात जागा करायला, काही दिवसांनी ते काढून कॅप दाबून बसवतात. कीड आत ठेवायची? ऐकून धक्का बसतो सगळ्यांना. पण कॅपने आणि सिमेंटने दाढ हवाबंद झाली की आतल्या जंतूंना साखर मिळत नाही, ते थंडावतात आणि नस आतून स्वतःचं संरक्षण म्हणून नवीन थर बनवते. एकूणच आता सगळीकडे विचार बदललाय, पूर्वी आम्हाला शिकवायचे की कीड कणनकण काढा, आता नसेच्या अगदी जवळचा मऊ भाग मुद्दाम सोडून वरून पक्कं बंद करतात, कारण खरवडत गेलो तर नस उघडी पडते. कॅप बसवल्यावर हिरडी पांढरट दिसते आणि चावताना उंच लागतं, पोरगी म्हणेल दात बसत नाहीत, ते दोन-चार आठवड्यांत आपोआप जुळतं. पहिला दिवस थोडं अवघडल्यासारखं वाटतं तेवढंच. तुमच्या मुलीच्या पुढच्या दाढेसाठी हे होऊ शकेल का हे नक्की विचारा.

कीड नसेपर्यंत गेलीय पण इन्फेक्शन मुळांत उतरलेलं नाही, तर पल्पोटॉमी. म्हणजे नसेचा फक्त वरचा, दाढेच्या डोक्यातला भाग काढायचा, मुळांतला जिवंत ठेवायचा, वर औषधी सिमेंट, सध्या एमटीए नावाचं चांगलं आहे, आणि त्यावर कॅप. तुमच्या पहिल्या डॉक्टरांनी बहुतेक हेच सुचवलंय, आणि मुलगी रात्री उठत असेल असं तुमच्या प्रश्नावरून वाटतंय, तसं असेल तर डॉक्टर उघडून बघतील, मुळांतली नस निरोगी निघाली आणि रक्त काही मिनिटांत थांबलं तर पल्पोटॉमी, नाही थांबलं तर मुळांतली नसही काढून पल्पेक्टॉमी, लोक त्याला मुलांची आरसीटी, म्हणजे रूट कॅनाल, म्हणतात. त्यात भरायचं मटेरियल मुळांबरोबर विरघळणारं असतं, म्हणजे पक्का दात यायला अडथळा नको. त्यामुळे आत गेल्यावर प्लॅन बदलला तर डॉक्टर फसवतायत असं समजू नका, काही गोष्टी दात उघडल्यावरच कळतात. आणि दोन्हीनंतर कॅप हवीच, नुसतं सिमेंट भरून सोडलं तर दाढ फुटते किंवा कडेने परत गळते.

आणि हाड खूप विरघळलंय, दाढ हलतेय, वाचण्यासारखी नाही, तर काढायची. पण काढली की जागा धरून ठेवायची तार, स्पेस मेंटेनर, लावायची का ते त्याच वेळी विचारा, सहा महिन्यांनी विचारून उपयोग नाही, जागा तोवर गेलेली असते.

या सगळ्यापेक्षा वेगळा एक मार्ग आहे, काळं औषध, सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड, ३८ टक्के. ड्रिल नाही, सुई नाही, खड्ड्यावर थेंबभर लावायचं आणि कीड तिथेच थांबते, कडक होते. बहुतेक वेळा सहा महिन्यांनी परत लावतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ते आवश्यक औषधांच्या यादीत घेतलं, ग्लास आयोनोमर आणि फ्लोराइड टूथपेस्टही त्याच यादीत आहेत. तोटा एकच, किडलेला भाग कायमचा काळाकुट्ट होतो. ओठावर किंवा त्वचेवर लागलं तर तो डाग काही दिवसांत जातो, कपड्यावरचा जात नाही. तुमच्या मुलीसारखी अजिबात न बसणारी मुलं असतात, तिथे मी याने वेळ विकत घेते, वर्ष-दीड वर्षात मूल मोठं होतं, समजूतदार होतं, मग फिलिंग करा किंवा कॅप बसवा. पण ठणका किंवा फोड असलेल्या दाढेत याचा उपयोग नाही, तिथे हे लावून थांबणं म्हणजे पुढे ढकलणं.

भीतीचं आता. साडेचार वर्षांचं मूल खुर्चीत बसत नाही यात मुलीचं काही चुकत नाही. पहिली भेट उपचाराची ठेवूच नका, नुसतं खुर्ची वर-खाली, आरसा, पाण्याचा फवारा, दात मोजणं, बास. आधी सांगायचं, मग दाखवायचं, मग करायचं, ही पद्धत मुलांच्या डॉक्टरांना शिकवलेलीच असते. तुम्ही घरी काय करायचं, तर "काही दुखणार नाही हं" असं वचन देऊ नका, कारण तिला फक्त "दुखणार" एवढंच ऐकू येतं आणि थोडं जरी टोचलं तरी तुमच्यावरचा विश्वास जातो. आणि "त्रास दिलास तर डॉक्टर सुई टोचतील" हे घरात कुणीही कधीही म्हणायचं नाही, अगदी गमतीतही नाही. अपॉइंटमेंट सकाळची घ्या, झोप झालेली असते, हलकं खाऊ घालून आणा. इंजेक्शनच्या आधी हिरडीला बधिर करणारं जेल लावायला सांगा आणि एक-दोन मिनिटं थांबायला सांगा, त्या थांबण्यानेच फरक पडतो. काही ठिकाणी नायट्रस ऑक्साइड या गॅसची सोय असते, नाकाला मास्क लावतात, मूल जागं असतं पण निवांत होतं, आणि मास्क काढून थोडा वेळ ऑक्सिजन दिला की पाच-दहा मिनिटांत उतरतं. खूप दाढा किडलेल्या असतील आणि मूल फार लहान असेल तर पूर्ण भूल देऊन एकाच वेळी सगळं करणं हा गैरप्रकार नाही, पण ते हॉस्पिटलमध्ये, भूलतज्ज्ञाच्या हातून, आणि उपाशी ठेवण्याचे त्यांचे नियम तंतोतंत पाळून. हातपाय धरून जबरदस्तीने फिलिंग करायला मात्र माझा विरोध आहे, त्या एका दाढेपायी मूल मोठं झाल्यावरही डेंटिस्टकडे जात नाही.

बधिर केल्यावर ओठ-गाल दोन-तीन तास सुन्न राहतो, मुलांना गंमत वाटते, ती ओठ चावत बसतात आणि संध्याकाळी ओठ सुजून वर पांढरा चट्टा येतो. घाबरायचं कारण नाही, आठवडाभरात भरतो, पण होऊच नये म्हणून तेवढा वेळ काही चावायला देऊ नका आणि लक्ष ठेवा.

दुखत असताना अपॉइंटमेंट मिळेपर्यंत वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल द्या, तुमच्या बालरोगतज्ज्ञांनी सांगितलेल्या मात्रेत. अ‍ॅस्पिरिन लहान मुलांना द्यायची नाही. गोळी कुटून दाढेत ठेवायची नाही, लवंगेचं तेल सोडायचं नाही, हिरडी भाजते आणि पोटात गेलं तर लहान मुलाला घातक आहे. अँटिबायोटिक मागून घेऊ नका, नसेचं दुखणं त्याने जात नाही. पण गालावर सूज आली, ताप आला, सूज डोळ्याकडे किंवा जबड्याखाली पसरायला लागली, तोंड उघडत नाही, गिळता येत नाही, असं काही झालं तर रात्र असली तरी त्याच वेळी हॉस्पिटलला न्यायचं.

आता मला सगळ्यात जास्त जे सांगायचंय ते. फिलिंगने खड्डा बुजतो, आजार जात नाही. गळकं छप्पर तसंच ठेवून फरशी पुसत बसल्यासारखं होतं ते. ज्या मुलांच्या तोंडात दोन दाढा किडल्यात त्यांच्या उरलेल्या दाढा त्याच लाळेत, त्याच जंतूंत, त्याच खाण्यात आहेत, आणि घरचं काही बदललं नाही तर वर्षभरात डाव्या बाजूचं घेऊन तुम्ही परत येणार.

होतं काय, तर तोंडातले जंतू साखर आणि पिठूळ पदार्थ खाऊन आम्ल बनवतात, काही मिनिटांतच दातावरचा पीएच (आम्लतेचं माप, जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५.५ च्या खाली जातो आणि इनॅमलमधली खनिजं निघायला लागतात. मग लाळ हळूहळू ते आम्ल धुऊन खनिजं परत भरते, पण त्याला अर्धा-पाऊण तास लागतो. म्हणजे एकदम एक वाटीभर गोड खाल्लं तर दातावर एकच हल्ला, आणि तेवढंच गोड दिवसभर थोडं थोडं चघळलं तर दहा हल्ले, लाळेला सवडच नाही. म्हणून मी पालकांना "गोड बंद करा" म्हणत नाही, ते पाळलं जात नाही, मी म्हणते वेळा बांधा. तीन जेवणं, मध्ये दोनदा खाणं, गोड द्यायचं ते जेवणाबरोबरच, आणि मधल्या वेळात फक्त पाणी. हातात ज्यूसचा सिपर घेऊन फिरणारं मूल, येताजाता एक बिस्किट उचलणारं मूल, यांच्या दाढा किडतातच. बिस्किट आणि चिप्स दाढेच्या खाचांत चिकटून तासभर बसतात, ते "गोड नाही" म्हणून सुटत नाहीत.

रात्रीचं तर वेगळंच. झोपेत लाळ जवळजवळ थांबते, त्यामुळे झोपताना दुधाची बाटली, ब्रश केल्यानंतर घेतलेलं गोड दूध, किंवा ब्रशनंतरचं गोड सिरप, हे दिवसातल्या कुठल्याही खाण्यापेक्षा जास्त नुकसान करतं. रात्रीचा क्रम असा करा की दूध आधी, औषध आधी, मग ब्रश, आणि नंतर पाण्याशिवाय काही नाही. हा एक बदल करा आणि बाकीचे हळूहळू करा असं मी दमलेल्या आईला सांगते.

ब्रश मुलीच्या हातात देऊन "घास गं" म्हणणं पुरेसं नाही. सात-आठ वर्षांपर्यंत हाताची तेवढी सफाईच नसते, तिला आधी करू द्या, पण शेवटी तुम्हीच करायचं. तिच्या मागे उभं राहा, डोकं तुमच्या पोटाला टेकवा, एका हाताने गाल बाजूला ओढा म्हणजे शेवटची दाढ दिसते, आणि ब्रश हिरडीच्या कडेला छोट्या गोलात फिरवा. समोर उभं राहून केलं की फक्त पुढचे दात स्वच्छ होतात. दोन वेळा, दोन-दोन मिनिटं, आणि एखादी वेळ हुकणारच असेल तर सकाळची हुकू द्या, रात्रीची नको. दाढा चिकटलेल्या आहेत म्हणून रात्री एकदा फ्लॉस, दांडीवाला फ्लॉस मिळतो तो मुलांना सोपा. ज्या दिवशी दोन दाढांच्या मध्ये फ्लॉस घातल्यावर धागा विस्कटून येतो तिथे कीड सुरू झालीय असं समजा आणि दाखवा.

टूथपेस्ट फ्लोराइडवालीच घ्या. मुलांची म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच पेस्टमध्ये फ्लोराइड नसतंच किंवा फार कमी असतं, ट्यूबवर लिहिलेलं वाचा, किमान १००० पीपीएम हवं. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी. एवढी थोडी गिळली तरी काही होत नाही, भीती असते ती ब्रशभर पेस्ट रोज गिळण्याची, त्याने पक्क्या दातांवर पांढरे डाग येतात. पिण्याच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असलेल्या भागात राहत असाल तर मात्र डॉक्टरांना विचारून ठरवा. आणि ब्रश झाल्यावर थुंकायचं, चूळ भरायची नाही, चूळ भरली की लावलेलं फ्लोराइड धुऊन जातं. ही सवय मोठ्यांनाही जड जाते, पण लावा.

उपचार झाल्यावर दर तीन महिन्यांनी दाखवा, कारण तुमच्या मुलीला कीड लागण्याचा धोका जास्त आहे हे आता सिद्धच झालंय, एरवी सहा महिने चालले असते. प्रत्येक भेटीत वार्निश, आणि नसेचा उपचार केलेल्या दाढेचा एक्स-रे डॉक्टर सांगतील तेव्हा, कारण ती दाढ आतून बिघडली तरी दुखेलच असं नाही.

आणि पावणेसहा-सहा वर्षांची झाली की सगळ्यात मागे बघत जा. तिथे पहिली पक्की दाढ येते, कुठलाही दात न पडता, गुपचूप, म्हणून निम्म्या घरांत तिला दुधाचीच समजतात. हीच दाढ आयुष्यभर राहणार असते आणि हिच्याच खाचा खोल असतात. ती पूर्ण वर आली की खाचांवर सीलंट लावून घ्या, पातळ लेप असतो, इंजेक्शन नाही, ड्रिल नाही. अर्धी हिरडीखाली असताना तो नीट चिकटत नाही, तोपर्यंत तिला ब्रश आडवा घालून वेगळं घासा, कारण बाकीच्या दाढांपेक्षा ती खाली असते आणि नेहमीच्या घासण्यात ब्रश तिच्यावरून नुसता निघून जातो. येतानाच ती पिवळट-तपकिरी, खडबडीत किंवा कोपरे तुटलेली दिसली, गार लागलं की मुलगी ब्रशच करू देईना, तर ती कीड नसून दात बनतानाच इनॅमल कच्चं राहिलेलं असू शकतं, तेव्हा तीन महिन्यांची भेट येईपर्यंत थांबू नका, त्याच आठवड्यात दाखवा.